सहावा चेंडू पॉकेटात जात नाही : पूल टेबलावरचे ट्रिक शॉट शिकणे आणि चारचौघांत करून दाखवणे

खडूची_पूड :

नमस्कार. गेली सुमारे चार वर्षे मी पूल, म्हणजे टेबलावरचे चेंडू काठीने मारून कडेच्या सहा खड्ड्यांत (पॉकेटांत) घालायचा खेळ, खेळतो. एट-बॉल आणि नाइन-बॉल या दोन्ही प्रकारांत माझा हात बरा आहे, म्हणजे सरळ शॉट सहसा चुकत नाहीत आणि पांढरा चेंडू (काठीने मारायचा तो) कुठे जाऊन थांबेल याचा अंदाजही बहुतेक वेळा बरोबर निघतो. सात-आठ महिन्यांपूर्वी ट्रिक शॉटचा, म्हणजे चेंडू खास मांडून करायच्या करामतीच्या फटक्यांचा, नाद लागला आणि तेव्हापासून आपण हा खेळ पुन्हा पहिल्या दिवसापासून शिकत आहोत, असे वाटू लागले आहे.

सध्या मी ‘बटरफ्लाय’वर अडकलो आहे. टेबलाच्या मधोमध फुलपाखराच्या पंखांसारखे दोन्ही बाजूंना तीन-तीन चेंडू एकमेकांना चिकटवून मांडायचे आणि पांढऱ्या चेंडूने मध्ये एकच फटका मारून सहा पॉकेटांत सहा चेंडू घालायचे, असा हा शॉट आहे. माझे पाच चेंडू जातात. डावीकडच्या मधल्या पॉकेटाचा चेंडू मात्र पॉकेटाच्या कडेवर आपटून परत येतो. कधी जोर वाढवून पाहिला, कधी कमी केला, पांढरा चेंडू केसभर उजवीकडे ठेवूनही पाहिला, परंतु दहांपैकी जेमतेम दोन वेळा सहाही चेंडू जातात.

दुसरी अडचण मासेची आहे. क्यू (खेळायची काठी) जवळजवळ उभा धरून पांढऱ्या चेंडूला वळण देण्याचा हा शॉट मला मुळीच जमत नाही आणि कापड फाटेल या भीतीने मी तो मोकळेपणाने मारूही शकत नाही.

तिसरी गोष्ट सांगायला संकोच वाटतो. मागच्या महिन्यात एका घरगुती कार्यक्रमात आग्रहाखातर मी पाच शॉट करून दाखवायला घेतले. पहिले तीन लागोपाठ चुकले आणि चौथ्या, म्हणजे पांढरा चेंडू दुसऱ्या चेंडूवरून उडवण्याच्या शॉटमध्ये तो टेबलाबाहेर उडून खुर्च्यांखाली गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या कशासाठी होत्या ते मला कळत होते. एकट्याने सराव करताना जे जमते ते लोकांसमोर का जमत नाही, आणि या गोष्टी कोणत्या क्रमाने शिकाव्यात, हे जाणकारांनी सांगावे.

तिरकी_रेषा :

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी मलाच एक प्रश्न विचारायचा आहे. जो चेंडू चुकतो तो प्रत्येक वेळी पॉकेटाच्या एकाच कडेवर आपटतो, की कधी अलीकडच्या आणि कधी पलीकडच्या? ट्रिक शॉट करणाऱ्याने ही नोंद सर्वांत आधी ठेवली पाहिजे. चूक प्रत्येक वेळी एकाच बाजूला होत असेल तर दोष मांडणीत असतो आणि तो हाताने कधीच सुधारत नाही; चूक दोन्ही बाजूंना विखुरलेली असेल तर मांडणी बरोबर आहे आणि दोष फटक्यात आहे. बहुतेक लोक मांडणीतला दोष फटका बदलून झाकायला जातात. त्यामुळे फटकाही बिघडतो आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

चिकटलेल्या चेंडूंचे गणित मुळात सोपे आहे. दोन चेंडू एकमेकांना टेकलेले असतील तर पुढचा चेंडू दोघांची केंद्रे जोडणाऱ्या रेषेवरून जातो, म्हणून त्या रेषेचे टोक पॉकेटात आले पाहिजे. पूलच्या चेंडूचा व्यास 57.15 मिमी असतो आणि टेकलेल्या दोन चेंडूंच्या केंद्रांतले अंतरही तेवढेच असते. याचा एक गमतीचा परिणाम असा, की त्यांतला एक चेंडू बाजूला 1 मिमी सरकला तर ती रेषा जवळपास 1 अंशाने फिरते. पॉकेट 120 सेंमी दूर असेल तर तेथे पोहोचेपर्यंत ही चूक 2 सेंमीच्या थोडी पुढे जाते. स्पर्धेच्या टेबलावर कोपऱ्याच्या पॉकेटाचे तोंड साडेअकरा सेंमीच्या आसपास असते. त्यातून चेंडूची स्वतःची जाडी वजा केली तर दोन्ही बाजूंना पावणेतीन-तीन सेंमी मोकळी जागा उरते. याचा अर्थ मांडताना 1 मिमीची चूक कशीबशी खपते, 2 मिमीची खपत नाही. मधले पॉकेट जवळ असल्याने तेथे अधिक सवलत मिळेल असे वाटते, पण त्याच्या तोंडात तिरका येणारा चेंडू ते सहजासहजी घेत नाही.

यासाठी जुने लोक एक युक्ती करतात. चेंडू बरोबर जागी ठेवल्यावर त्याच्यावर दुसऱ्या चेंडूने वरून दोन-तीन हलक्या टिचक्या मारायच्या. त्याने कापडात अगदी बारीक खोलगा पडतो, त्यात चेंडू पक्का बसतो आणि शेजारच्या चेंडूला टेकून राहतो. हे करून पाहा आणि मग सांगा.

खडूची_पूड :

आपला प्रश्न वाचल्यावर लगेच मोबाइलवर संथ गतीने चित्रण करून वीस फटके तपासले. चुकलेल्या सतरा फटक्यांपैकी सोळांत चेंडू पलीकडच्या कडेवरच आपटला आहे. म्हणजे दोष मांडणीचाच म्हणायचा. मात्र टिचक्या मारण्याची युक्ती मी अगदी सुरुवातीलाच, एक चित्रफीत पाहून केली होती आणि तेव्हापासून त्याच खोलग्यांत चेंडू मांडत आलो आहे.

पाटीवरचा :

तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे, असे मला वाटते. टिचक्या मारण्याचा सल्ला देणाऱ्यांबद्दल आदर ठेवूनही सांगतो, की स्वतःच्या टेबलावर, आणि तेही नवशिक्याने, हे करू नये. तुम्ही ते खोलगे पाडले तेव्हा मांडणी अचूक होती, याची काय खात्री? पहिल्या दिवशी एक चेंडू 2 मिमी बाजूला असेल तर ती चूक तुम्ही कापडात कोरून ठेवली आहे. आता तुम्ही कितीही काळजीने चेंडू योग्य जागी ठेवला तरी हात काढताच तो जुन्या खोलग्यात घरंगळतो आणि शेजारच्या चेंडूपासून कागदाएवढा सुटतो. फट पडली की चेंडू चिकटलेले राहत नाहीत. मग आघात एकाच क्षणी सर्वांपर्यंत पोहोचण्याऐवजी एकामागून एक होतात आणि प्रत्येक चेंडूची दिशा थोडी बदलते.

तपासण्याची पद्धत सांगतो. टेबलावरचा दिवा चालू ठेवा, डोळे चेंडूंच्या उंचीवर आणा आणि पलीकडे पांढरा कागद उभा धरून दोन चेंडूंच्या मधून पाहा. टेकलेले चेंडू असतील तर मध्ये काळा ठिपका दिसतो. फट असेल तर उजेडाची बारीक उभी रेघ दिसते. वरून पाहिल्यावर सावलीमुळे ही फट कधीच कळत नाही. खोलगा टाळायचा असेल तर पूर्ण मांडणी टेबलाच्या लांबीच्या दिशेने एक-दीड सेंमी सरकवा आणि प्रत्येक जोडीची रेषा पॉकेटाशी पुन्हा जुळवून घ्या. चेंडू पक्के बसवण्यासाठी फायलीतल्या कागदांच्या भोकांना लावायच्या ज्या गोल चिकट चकत्या मिळतात, त्या चेंडूखाली लावा. चेंडू चकतीच्या मधल्या भोकात छान बसतो, चकती इतकी पातळ असते की चेंडूच्या वाटेत तिचा उपद्रव जाणवत नाही, आणि मांडणी चुकली तर ती उचलून दुसरीकडे लावता येते. खोलगा मात्र उचलता येत नाही.

आता केंद्ररेषेच्या नियमात एक भर घालतो, कारण तो नियम पुरता खरा नाही. चेंडू एकमेकांवर घासतात, त्यामुळे पुढचा चेंडू रेषेपासून किंचित ओढला जातो. याला खेळाडू ‘थ्रो’ म्हणतात. समजा चिकटलेल्या जोडीची रेषा तुमच्यापासून सरळ समोर जाते आणि तुम्ही मागच्या चेंडूला त्याच्या डाव्या अंगाला मारले, तर मागचा चेंडू उजवीकडे सरकू पाहतो आणि जाता जाता पुढच्यालाही उजवीकडे ओढतो. ही ओढ 5 अंशांपर्यंत जाऊ शकते. 60 सेंमीवर 5 अंश म्हणजे तब्बल 5 सेंमी होतात, आणि तेवढ्यात पॉकेट हुकते. फटका हळू असेल तर ओढ सहसा जास्त, जोरात असेल तर कमी. म्हणून ट्रिक शॉटमध्ये मांडणी एका ठरावीक जोराला धरूनच जुळवावी लागते आणि नंतर प्रत्येक वेळी तोच जोर ठेवावा लागतो. तुम्ही जोर बदलून पाहत होता, तेव्हा दर वेळी नकळत वेगळाच शॉट खेळत होता.

चेंडू मळके असतील तर थ्रो आणखी वाढतो. प्रयोग करून दाखवणारे बरेच जण चेंडूंना सिलिकॉनचे पॉलिश लावतात ते याचसाठी. त्यात फसवणूक आहे असे मी मानत नाही, पण पॉलिश केलेल्या चेंडूंवर जुळवलेली मांडणी दुसऱ्या ठिकाणच्या मळक्या चेंडूंवर लागू पडत नाही, हे लक्षात ठेवावे. मी स्वतः चेंडू कोमट पाण्याने धुऊन कोरड्या कापडाने पुसतो आणि तेवढ्यावर थांबतो.

तिरकी_रेषा :

टिचक्यांच्या बाबतीत आपले म्हणणे मान्य आहे. माझा सल्ला अर्धवट होता. मांडणी आधी वीस-तीस फटक्यांत सिद्ध झाल्यावरच टिचकी मारावी, हे मी लिहायला हवे होते. चकत्यांचा उपाय अधिक चांगला आहे.

शेवटचा_कुशन :

मासे आणि उडी यांबद्दल लिहितो, कारण या दोन शॉटपायी मी एक कापड आणि दोन टिपा (क्यूच्या टोकाची चामडी) खर्ची घातल्या आहेत.

मासेचे वळण म्हणजे काय ते आधी समजून घेतले तर भीती निम्मी कमी होते. क्यू वर उचलून चेंडूच्या एका अंगाला खाली मारले की चेंडू एका दिशेने निघतो, पण त्याला मिळालेली फिरकी वेगळ्या दिशेची असते. जोपर्यंत चेंडू कापडावर घसरत असतो तोपर्यंत घर्षण त्याला एका बाजूला ओढत राहते आणि मार्ग वळतो; घसरणे संपून तो निखळ गडगडू लागला की वळण थांबते आणि पुढे तो सरळ जातो. चेंडू शेवटी कोणत्या दिशेला जाईल, हे फ्रेंच गणितज्ञ कोरिओलिसने 1835 मध्येच बिलियर्डच्या गणितात मांडून ठेवले आहे. वादळांच्या संदर्भात ज्याचे नाव आपण ऐकतो, तोच हा. त्याची रीत टेबलावर सहज वापरता येते. क्यूची रेषा चेंडूतून आरपार पुढे वाढवली तर ती कापडाला जिथे भेटेल तो बिंदू मनात धरा. चेंडू जिथे कापडाला टेकला आहे तेथून या बिंदूकडे जाणारी दिशा ही चेंडूची शेवटची दिशा. सुरुवातीची दिशा अर्थातच क्यूचा रोख जिकडे आहे ती. या दोन दिशा ठरल्या की वळण किती लांबवर पसरेल ते फटक्याच्या जोरावर अवलंबून राहते. मासे जमत नाही असे म्हणणारे बहुतेक जण अधिक जोराने मारत असतात. त्यांचा चेंडू वळतो, पण वळेपर्यंत समोरच्या कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) पोहोचलेला असतो.

सुरुवात उभ्या क्यूने करू नका. क्यूचा मागचा भाग 30 अंशांच्या आसपास उचला, पांढऱ्या चेंडूपुढे हातभर अंतरावर एकच चेंडू अडथळा म्हणून ठेवा आणि त्याला वळसा घालून पलीकडे जाण्याचा सराव करा. हे रोजच्या खेळातही उपयोगी पडते. ते दहांपैकी सहा-सात वेळा जमू लागले की कोन वाढवा. क्यू उभा करताना तो दोन-तीन बोटांनी सैल धरावा आणि वजन त्याच्या स्वतःच्या पडण्यात असू द्यावे. मुठीत आवळलेला क्यू चेंडूवरून निसटतो आणि थेट कापडात घुसतो. सरावासाठी चेंडूखाली जुन्या कापडाचा वीतभर तुकडा पसरा. त्यामुळे घर्षण थोडे बदलते, पण मनातली धास्ती जाते आणि हात मोकळा होतो, हा फायदा मोठा आहे. टिप घट्ट बसलेली आणि गोलसर असावी, प्रत्येक फटक्याआधी तिला खडू नीट लावावा. मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्याहून अधिक बाजूला मारायला गेलात तर खडू लावूनही टिप घसरते. ती मर्यादा ओलांडण्याचा हट्ट करू नये. क्यूच्या टोकाला चामडे बसवण्याचे श्रेय ज्या फ्रँस्वा मँगोला दिले जाते, तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी असले शॉट करून लोकांना चकित करीत असे. त्याची करामत हातात होती तितकीच त्या चामड्याच्या चकतीतही होती.

उडीबद्दल थोडक्यात लिहितो. चेंडूच्या खाली क्यू घालून तो उचलणे हा नियमाने फाउल आहे आणि दिसायलाही वाईट दिसते. खरी उडी चेंडूच्या वरच्या अर्ध्या भागावर खाली मारल्याने मिळते. चेंडू कापडाखालच्या स्लेटवर दाबला जातो आणि उसळतो. तुमचा चेंडू बाहेर गेला, याचा अर्थ तुम्ही जोर जास्त लावला आणि कोन कमी ठेवला. उडीला मनगटाचा छोटा, झटपट झटका पुरतो. उडीचा वेगळा क्यू घेणार असाल तर तो 40 इंचांपेक्षा आखूड नसावा, अशी स्पर्धेची अट आहे. आणि पूलचा चेंडू दीडशे ग्रॅमहून जड असतो, त्यामुळे उडीच्या रेषेत समोर कोणालाही, विशेषतः लहान मुलांना, उभे राहू देऊ नका.

क्रमाचे विचारलेत म्हणून सांगतो, मी स्वतः हे सगळे उलट्या क्रमाने शिकलो आणि पस्तावलो. आधी चिकटलेल्या चेंडूंचे शॉट, मग पांढऱ्याला पुढे-मागे नेणाऱ्या फिरकीचे, मग कुशनचे, आणि मासे व उडी सर्वांत शेवटी. फिरकी शिकताना एक माप उपयोगी पडते : चेंडूला कापडापासून बरोबर 4 सेंमी उंचीवर, आडव्या क्यूने मारले तर तो न घसरता पहिल्या क्षणापासून गडगडत निघतो. पट्टी उभी धरून ही उंची एकदा डोळ्यांत बसवा. टिप तिथे लावून पाहिली की बहुतेकांना ती अपेक्षेपेक्षा वर वाटते.

तिरकी_रेषा :

लोकांसमोर दाखवण्याचा प्रश्न राहिलाच होता. मी काही वर्षे छोट्या कार्यक्रमांत हे शॉट दाखवले आहेत, त्यावरून लिहितो.

एकट्याने दहांपैकी दोन वेळा जमणारा शॉट लोकांसमोर दाखवायला घेणे ही मुळातच चूक होती. त्यात घाबरण्याचा वाटा असेल, पण गणिताचा वाटा अधिक आहे. दहांपैकी सात वेळा जमणारे पाच शॉट ओळीने दाखवायचे ठरवले तरी पाचही पहिल्या फटक्यात जमण्याची शक्यता सहा वेळांत जेमतेम एकदा येते. म्हणून माझ्याकडे एक साधा नियम आहे : लागोपाठ दहांपैकी नऊ वेळा न जमलेला शॉट कार्यक्रमात घ्यायचा नाही. अपवाद एकाच शॉटचा. तो अवघड असू द्यावा, शेवटी घ्यावा, आणि तो अवघड आहे हे लोकांना आधीच सांगून टाकावे. आर्टिस्टिक पूलच्या, म्हणजे ट्रिक शॉटच्याच, जागतिक स्पर्धांतसुद्धा खेळाडूला एका शॉटसाठी तीन संधी मिळतात आणि पहिल्या संधीत जमले तर गुण अधिक असतात. तुम्हीही ‘तीन संधी’ असे जाहीर करून सुरुवात केलीत, तर दुसऱ्या संधीत जमलेल्या शॉटला पहिल्यापेक्षा मोठी दाद मिळते, असा माझा अनुभव आहे.

पाहणाऱ्यांना अवघड काय आणि सोपे काय हे कळत नाही. चार कुशनांवरून फिरून आलेला अचूक चेंडू पाहून ते मान डोलावतात, आणि सहा चेंडू एकदम नाहीसे झाले की ओरडतात. ज्यात फटका साधा असतो आणि सारे कौशल्य मांडणीत असते, असे शॉट आधी घ्यावेत. मात्र मांडणीला वेळ लागतो आणि तेवढा वेळ पाठमोरे वाकून चेंडू सरळ करत बसलात तर लोक आपापसांत बोलू लागतात. चकत्या आधीच लावून ठेवा आणि चेंडू मांडता मांडता आता काय होणार ते सांगत राहा. सगळे मात्र सांगू नका. कोणता चेंडू शेवटी जाणार एवढे राखून ठेवा.

आणखी एक काळजी घ्यावी. परक्या टेबलावर गेलात तर आधी पांढरा चेंडू उचलून इतर चेंडूंशी ताडून पाहा. काही टेबलांवर तो इतरांपेक्षा मोठा किंवा जड ठेवलेला असतो. असा चेंडू टक्कर झाल्यावर थांबत नाही, पुढे रेटत जातो आणि पांढऱ्याच्या जागेवर अवलंबून असलेले सगळे शॉट बिघडवतो. मग टेबलाच्या मधोमधून एक चेंडू अगदी हळू सोडून तो कुठे कलतो ते पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे आणि यजमानाला ते तयारीचाच भाग वाटते.

खडूची_पूड :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पांढरा कागद धरून मांडणी तपासली. डावीकडच्या जोडीत उजेडाची रेघ स्पष्ट दिसली आणि वहीच्या कागदाची पट्टी त्या फटीतून अडखळत का होईना, आरपार गेली. म्हणजे पहिल्याच दिवशी मी तो चेंडू चुकीच्या जागी ठोकून बसवला होता आणि आठ महिने माझ्या हाताला दोष देत होतो. मांडणी दीड सेंमी पुढे घेऊन चकत्या लावल्या, रेषा जुळवायला पाऊण तास गेला, चेंडू धुतले, जोर एकच ठेवला. वीस फटक्यांत सहाही चेंडू चौदा वेळा गेले. चुकलेल्या सहांत चेंडू कधी या कडेवर, कधी त्या कडेवर आपटला, म्हणजे आता जे उरले ते माझ्या हाताचे आहे.

मासेसाठी जुन्या कापडाचा तुकडा मिळवला आहे. 30 अंशांवर अडथळ्याला वळसा घालताना चेंडू वळतो खरा, परंतु वळून पुन्हा त्याच अडथळ्याला मागून धडकतो. यात क्यूचा रोख चुकतो की टिप जास्त बाजूला लागते?

शेवटचा_कुशन :

दोन्ही असू शकते, पण आधी रोख तपासा. क्यूचा रोख अडथळ्याच्या कडेपासून आणखी अर्धा चेंडू बाहेर ठेवा आणि टिपेची जागा तशीच राहू द्या. तरीही मागून धडकला तर टिप मध्याकडे थोडी आणा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलू नका, नाहीतर कोणत्या बदलाने काय झाले ते कळणार नाही.